‘त्रेपन्न’ ऐकून ३५ का लिहिलं? पहिली-दुसरीच्या गणित-विज्ञानात मुलं नेमकं काय शिकतात

परवा दिवेलागणीच्या वेळी आमच्याच मजल्यावरची एक आई मुलाची वही घेऊन आली. मुलगा दुसरीत. वर्गात संख्या तोंडी सांगितल्या होत्या, मुलांनी त्या अंकांत लिहायच्या होत्या. ‘त्रेपन्न’ला त्यानं ३५ लिहिलं होतं आणि ‘एकोणचाळीस’ला ४९. दोन्हींवर लाल फुली. “बाई, याला एवढं सोपंही येत नाही, पुढं कसं व्हायचं?” ती अगदी रडकुंडीला आली होती. मुलगा चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत उभा.

मी पंचवीस वर्षं मुंबईच्या गिरणगावात मराठी शाळेत पहिली ते चौथीला शिकवलं. ती वही बघून मला काळजी वाटली नाही, उलट मुलगा कान देऊन ऐकतो हे कळलं. ‘त्रेपन्न’ या शब्दात आधी काय ऐकू येतं? ‘त्रे’, म्हणजे तीन. मग ‘पन्न’, म्हणजे पन्नास. त्यानं ज्या क्रमानं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं: आधी ३, मग ५. ‘एकोणचाळीस’मध्ये तर ‘चाळीस’ लख्ख ऐकू येतं. ‘एकोण’ आलं की शेवटी नऊ असतो, एवढं त्याला एकोणीसपासून ठाऊक होतं. चाळीस आणि नऊ, झाले ४९. उत्तर चुकलं, पण विचार अगदी सरळ होता. ‘एकोण’ म्हणजे ‘एक उणा’, चाळीसला एक कमी, हे त्याला कुणी फोडून सांगितलंच नव्हतं.

आपण मोठी माणसं इतकी वर्षं आकडे वापरतो की त्यातली अवघड जागा दिसेनाशी होते. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: दोनानं किती रूपं घेतली बघा. शिवाय एकक आधी बोलायचा आणि नंतर लिहायचा. जपानी किंवा चिनी मुलाला हा त्रास नाही. तिथं त्रेपन्नला ‘पाच-दहा-तीन’ असंच म्हणतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. भाषेचा अपमान झाला असं अनेकांना वाटलं. मी मात्र वर्गात उभं राहून हे प्रकरण बघितलेलं असल्यानं मनापासून त्यांच्या बाजूची होते. त्रेपन्न हा शब्द कुणी पुसायला निघालं नव्हतं. ‘त्रेपन्न म्हणजे पन्नास तीन’ असं सोबतीला सांगायचं, म्हणजे शब्दाच्या आतली संख्या मुलाला दिसते. पुढं शब्द तोंडात बसला की ही कुबडी आपोआप सुटते.

मुंबईत या गुंत्यावर आणखी एक पदर चढतो. मूल इंग्रजी शाळेत, आजी घरी मराठीत आकडे विचारणार, रिक्षावाला हिंदीत भाडं सांगणार. शाळेत ‘सेव्हन्टी नाइन’, आजीच्या तोंडी ‘एकोणऐंशी’, बाहेर ‘उन्यासी’. तीन शब्द, संख्या एकच. मूल क्षणभर थांबलं तर ते मंद नाही, तीन कप्प्यांतून शोधून आणतंय. आजीनं आजीच्या भाषेतच विचारावं, फक्त उत्तरासाठी दोन श्वास थांबावं.

मोजणं म्हणजे म्हणणं नव्हे

तीन वर्षांचं मूल वीसपर्यंत अंक धडाधड म्हणतं आणि घरात कौतुक होतं. कौतुक करावंच. पण ते म्हणणं गाण्यासारखं असतं. खरं मोजणं वेगळं. समोर सात चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. लहान मूल कधी एकाच चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवतं, कधी एक वगळून पुढं जातं. एका वस्तूला एकच अंक, आणि अंकांचा क्रम दर वेळी तोच, हे आधी बसावं लागतं. मग येते ती खरी उडी. सात मोजून झाल्यावर विचारा, “मग किती आहेत?” बरीच मुलं पुन्हा एकपासून मोजायला लागतात! शेवटचा उच्चारलेला अंक हा त्या सातव्या चिंचोक्याचं नाव नसून सगळ्या ढिगाचं मोजमाप आहे, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यातली ही सूत्रं वेगवेगळी करून मांडली. त्यातलं एक असंही, की उजवीकडून मोजा नाहीतर मधून सुरू करा, संख्या तीच येते. आपल्याला हे सांगायचीही गरज वाटत नाही; मुलाच्या दृष्टीनं तो शोध असतो.

त्याच्याही आधी स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवून दिलं होतं की सातेक वर्षांपर्यंत मूल डोळ्यांना दिसतं त्यावर विसंबतं. घरी करून बघा. पसरट वाटीतलं पाणी मुलासमोरच उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि विचारा, पाणी वाढलं, कमी झालं की तेवढंच? पाच वर्षांचं मूल खात्रीनं सांगेल, “वाढलं!” आपण कितीही समजावलं तरी त्याला पटत नाही. ओरडून तर मुळीच पटत नाही. परत वाटीत ओता, परत पेल्यात ओता, त्याला स्वतःला ओतू द्या. काही महिन्यांनी तेच मूल तुमच्याकडं कीव केल्यासारखं बघेल आणि म्हणेल, “तेवढंच आहे ना, आत्ता तर ओतलं!”

दहाची जुडी

पहिली-दुसरीच्या गणितात सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी बेरीज-वजाबाकी म्हणणार नाही. मी म्हणेन, दहाची जुडी. दहा सुट्या काड्या रबरानं बांधल्या की ती एक वस्तू होते. ती एकाच वेळी ‘एक’ही असते आणि ‘दहा’ही असते. मोठ्यांनासुद्धा क्षणभर थांबायला लावील अशी ही कल्पना आहे, आणि आपण ती सहा वर्षांच्या मुलाकडून मागतो. ५३ मधला ५ हा पाच नाही, पाच जुड्या आहेत. जागा बदलली की किंमत बदलते.

हे बसलं नाही की चुका ठरावीक दिसतात. ‘एकशे दोन’ सांगा, मूल १००२ लिहितं. आधी शंभर लिहिलं, मग दोन. त्याच्या दृष्टीनं काहीच चुकलं नाही. इथं लाल फुली मारण्यापेक्षा दहा-दहाच्या नोटा, एक-एकची नाणी आणि एक शंभराची नोट पुढ्यात ठेवावी. दहाच्या खणात काहीच नाही, ती रिकामी जागा धरून ठेवायला शून्य बसतं. शून्याचं हे काम हातांनी कळतं, पाठांतरानं नाही.

जुडी समजली की ‘हातचा’ आपोआप समजतो, आणि याच ठिकाणी घरोघरी भांडणं होतात. ५२ मधून २७ वजा करायचे. आजची शाळा सांगते: दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाच जुड्यांपैकी एक सोडा. आता चार जुड्या आणि बारा सुट्या. बारातून सात गेले, उरले पाच. चारातून दोन गेले, उरले दोन. उत्तर २५. आजोबा म्हणतात, “हे काय भलतंच! आम्ही असं शिकलोय: वर दहा दिले, बारातून सात गेले पाच. हातचा एक खालच्या दोनाला दिला, झाले तीन. पाचातून तीन गेले दोन.” उत्तर तेच, २५. मुलाच्या डोक्यात मात्र खिचडी होते, कारण एकात वरचा पाच कमी झाला आणि दुसऱ्यात खालचा दोन वाढला.

दोन्ही रीती बरोबर आहेत. आजोबांच्या रीतीत वरच्या संख्येला दहा सुट्या दिल्या आणि खालच्या संख्येला एक जुडी, म्हणजे दहाच, दिल्या. दोघांना सारखंच दिलं की फरक बदलत नाही. चाळीच्या जिन्यावर दोन मुलं वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. दोघंही दहा-दहा पायऱ्या चढली तर दोघांमधलं अंतर तेवढंच राहील. आजोबांना माझं एवढंच सांगणं असतं की मुलाची शाळेतली रीत आधी पक्की होऊ द्या. चौथीत गेल्यावर त्याला तुमची रीत दाखवा आणि ‘ही का चालते ते सांग’ म्हणून कोडं घाला. त्याला आनंद होईल, तुम्हालाही.

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ योजनेत या वयाची उद्दिष्टं लिहून ठेवली आहेत. पहिलीअखेर ९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी जमावी. दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी. तिसरीअखेर ९९९९ पर्यंत आणि साधे गुणाकार. यादी छोटी दिसते. पण शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत पहिलीच्या मुलाकडून मोठमोठे गुणाकार करून घेतल्याचं दाखवतात, तेव्हा आईवडिलांचा धीर सुटतो. धीर सोडू नका. ९९ पर्यंतची संख्या खरोखर समजणं हे वर्षभराचं काम आहे.

पाढ्यांबद्दल थोडक्यात. मी पाढे पाठ करण्याच्या विरोधात नाही. ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ’ यातली लय ही आपली ठेव आहे, आणि पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणणारी माणसं बाजारात क्षणात हिशोब करत. पण पाठांतराच्या आधी रांगा दाखवाव्यात. गणपतीच्या मंडपात खुर्च्यांच्या तीन रांगा, प्रत्येकीत चार खुर्च्या. बाजूनं येऊन बघितलं तर चार रांगा, प्रत्येकीत तीन. खुर्च्या बाराच. ज्या मुलानं हे एकदा पाहिलं त्याचं अर्धं पाठांतर वाचतं.

आणि एक चाचणी, जी मी दर वर्षी घेत असे. फळ्यावर लिहायचं: ८ + ४ = □ + ५. चौकोनात काय? बहुतेक मुलं १२ लिहितात. काही १७ लिहितात. बरोबर उत्तर ७. मुलांना बेरीज येत नाही असं नाही; ‘=’ या खुणेचा अर्थ त्यांनी ‘आता उत्तर लिही’ असा धरलेला असतो, कारण वहीभर ती खूण तेवढंच काम करते. दादरच्या भाजीवाल्याचा तराजू आठवून सांगितलं की दोन्ही पारडी सारखी हवीत, तेव्हा डोळे चमकतात. पुढं आठवीत बीजगणित अडतं ना, त्याची मुळं पुष्कळदा इथं, दुसरीत असतात.

विज्ञानाचं पुस्तक नसलेलं विज्ञान

पहिली-दुसरीला विज्ञान असं वेगळं पुस्तक नसतं. ‘परिसर अभ्यास’ येतो तिसरीपासून. म्हणून पालकांना वाटतं, या दोन वर्षांत विज्ञान काहीच नाही. उलट याच वयात मूल दिवसभर विज्ञानच करत असतं. ते वर्गीकरण करतं, ताडून बघतं, कारण शोधतं. चुकीचं कारण शोधतं, पण शोधतं.

मी वर्गात विचारत असे, “लोकल सजीव आहे का?” निम्मा वर्ग म्हणायचा, हो! का? धावते, आवाज करते, वीज ‘खाते’. मग झाड? झाड नाही, ते हलत नाही. या उत्तराला हसायचं नसतं. हालचाल म्हणजे जीव, हा मुलांचा स्वतःचा नियम आहे आणि बऱ्याच प्राण्यांना तो लागूही पडतो. नियम मोडायला दुसरी उदाहरणं द्यावी लागतात. लोकलला पिल्लं होतात का? ती लहानाची मोठी होते का? अंगणातल्या जांभळाच्या बीला कोंब फुटलेला दाखवला, रोज फूटपट्टीनं मोजला, की झाड हळूच सजीवांच्या बाजूला येऊन बसतं. असे नियम मुलं कसे बांधतात आणि कसे बदलतात, याचा रीतसर अभ्यास होतो. आपल्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. १९७४ पासून तिथं मुलं गणित-विज्ञान कसं शिकतात यावर काम चालतं.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग एप्रिलमधला. फ्रिजमधलं गार पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून टेबलावर ठेवा. मुंबईच्या दमट हवेत दोन-तीन मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटतो. हे पाणी कुठून आलं? मुलं सांगतात, “पेला गळतोय.” किंवा, “आतलं पाणी बाहेर आलं.” आता सांगून टाकू नका की हवेतली वाफ थंड झाली. पेल्यात कोकम सरबत ओता, चांगलं लालभडक. परत थांबा. बाहेर थेंब आले की मुलाला बोट फिरवून चाटायला सांगा. थेंब बिनरंगीच! गोड नाहीत, आंबट नाहीत. म्हणजे ते आतून आले नाहीत. मग कुठून? तिसरीच्या एका मुलीनं यावर बराच वेळ गप्प बसून म्हटलं होतं, “म्हणजे इथं, आपल्या मध्ये पाणी आहे? दिसत नाही, पण आहे?” त्या क्षणासाठी मी शिक्षिका झाले असं मला अजून वाटतं.

यात शिकण्यासारखं ‘बाष्प’ हा शब्द नाही. दोन कारणं शक्य वाटत असतील तर त्यांतलं एक खोडून काढील अशी कसोटी योजायची, ही रीत आहे. ती सात वर्षांच्या मुलाला जमते.

सावलीचंही तसंच. गच्चीवर एक काठी उभी करा, दर तासाला सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. सकाळी लांब, दुपारी आखूड, संध्याकाळी पुन्हा लांब, पण दुसऱ्या बाजूला. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर एक-दोन दिवस असे येतात की दुपारी साडेबाराच्या थोडं पुढं सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीसही तो योग येतो, पण तेव्हा ढग दिसू देतील तर. ही सावली बाराच्या ठोक्याला का जात नाही, असं मुलानं विचारलं तर सांगायला हरकत नाही: आपलं घड्याळ मुंबईच्या कितीतरी पूर्वेकडच्या रेषेवर लावलंय, तिथं सूर्य आधी डोक्यावर येतो.

आणि पाऊस. गणित आणि विज्ञान हातात हात घालून येतात ते पावसात. सरळ बाजूंचा डबा गच्चीवर उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी आत पट्टी बुडवून पाणी किती उंच आलं ते बघा. तोंड मोठं-लहान असलं तरी बाजू सरळ असल्या की उंची सारखीच भरते. दोन वेगळे डबे शेजारी ठेवून मुलांनाच ते तपासू द्या. बातम्यांमधले ‘मिलिमीटर’ म्हणजे हेच. एकदा वर्गात मी २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगितली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. भिंतीवर ९४ सेंटीमीटरवर खूण केली आणि एका मुलाला शेजारी उभं केलं. खूण त्याच्या खांद्याजवळ आली. वर्ग चिडीचूप. मग सांगितलं, त्याच दिवशी कुलाब्याला झाला ७३ मिलिमीटर. ती खूण आली घोट्याजवळ. एकच शहर, एकच दिवस, खांदा आणि घोटा. मुलांनी जे प्रश्न विचारले त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं मला घरी जाऊन शोधावी लागली.

त्या आईला मी यातलं थोडंच सांगितलं. मुलाला जवळ बसवलं, चिंचोक्यांची डबी काढली. चाळीस मोजून चार ओळी लावल्या, दहा-दहाच्या. म्हटलं, “एक उणा कर.” त्यानं एक उचलला. “किती?” तो बोटानं ओळी मोजत म्हणाला, “तीन जुड्या आणि नऊ.” “त्याचं नाव एकोणचाळीस. एक उणा चाळीस.” त्यानं ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. वहीत ४९ खोडून ३९ लिहिलं. मग एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर स्वतःच लिहीत गेला, एकोणनव्वदपर्यंत. तिथं थांबला.

“बाई, मग शंभरला एक उणा, तो एकोणशंभर का नाही? त्याला नव्याण्णव का म्हणतात?”

त्याची आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, “एक्याण्णवपासून पुढचे मोठ्यानं म्हण बघू.” तो म्हणायला लागला: एक्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. पंच्याण्णवला त्याचा वेग कमी झाला. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव हे त्यानं एकेक तोडून म्हटले, शेवटचा भाग लांबवत, आणि मग पेन्सिल खाली ठेवून पुन्हा एक्याण्णवपासून सुरुवात केली.